‘लगेच गेला’: बरोक चित्रांतलं मरण आणि आजचे कलावंत



आजचा विषय चित्रकलेचा आहे आणि बोलणारा माणूस तोफखान्यातला. तेव्हा सुरुवात तोफेपासूनच करतो.

२०१० च्या हिवाळ्यात मुंबईत, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत अनिश कपूर यांचं प्रदर्शन भरलं होतं. कपूर १९५४ साली मुंबईत जन्मले, पुढे लंडनमध्ये स्थायिक झाले. मी सुट्टीवर होतो. मुलगी म्हणाली, ‘बाबा, तिथे तोफ ठेवलीय. तुमचंच खातं आहे, चला.’ गेलो.

खरोखरच तोफ होती. दाबलेल्या हवेवर चालणारी. कामाचे कपडे घातलेला एक माणूस यायचा, लाल मेणाचा जड गोळा नळीत भरायचा आणि थांबायचा. दाब पुरेसा झाला की धाडकन आवाज व्हायचा आणि तो गोळा समोरच्या खोलीच्या कोपऱ्यात जाऊन फुटायचा. भिंतीवरून लाल मेण घसरत खाली यायचं. जमिनीवर त्याचा ढीग साचला होता, नुकतंच इथे काहीतरी भयंकर घडून गेल्यासारखा. लोक दचकायचे, मग हसायचे, आणि पुढचा बार कधी म्हणून फोन सरसावून उभे राहायचे.

बाहेर आल्यावर मी मुलीला तोफेबद्दल सांगायला लागलो. नळी कशी बसवलीय, धक्का कुठे जातो, भरणाऱ्या माणसाच्या हालचाली किती शिस्तीच्या होत्या. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, ‘बाबा, तुम्ही भिंतीकडे बघितलंच नाही.’

मंडळी, ते वाक्य मला लागलं, कारण ते खरं होतं. तोफखान्याचं सगळं कामच अंतराचं असतं. गन पोझिशनवर उभ्या असलेल्या जवानाला लक्ष्य दिसत नाही. त्याला आकडे मिळतात, दिशा मिळते, हुकूम मिळतो. गोळा कित्येक किलोमीटर दूर पडतो. पुढे डोंगरावर बसलेला ओपी अधिकारी दुर्बिणीतून पाहतो, पण त्यालाही दिसतो तो धूर आणि धूळ. मग तो वायरलेसवर दुरुस्ती सांगतो: डावीकडे इतकं, पुढे इतकं. हे काम मी वर्षानुवर्षं केलं, आणि चांगलं केलं असं माझे वरिष्ठ म्हणायचे. भिंतीकडे बघणं त्या कामात बसत नाही.

निवृत्तीनंतर मी चित्रं पाहायला लागलो, वाचायला लागलो, आणि एक गोष्ट ध्यानात आली. मरण आणि पाहणारा यांच्यातलं अंतर किती असावं, या प्रश्नावर युरोपातले चित्रकार चारशे वर्षांपूर्वी हिरिरीने काम करत होते. आणि आजचे काही कलावंत त्यांच्याशी तोच वाद पुढे चालवत आहेत. आज त्याबद्दल बोलू.

बरोक म्हणजे काय?

साधारण १६०० ते १७५० या काळातल्या युरोपीय कलेला बरोक म्हणतात. वेड्यावाकड्या आकाराच्या मोत्याला पोर्तुगीज भाषेत जो शब्द आहे, त्यावरून हे नाव आलं असं मानतात. आपल्याला हा प्रकार अगदीच परका नाही. जुन्या गोव्यात बॉम जेझुस चर्चमध्ये आपल्यापैकी अनेक जण जाऊन आले असतील. तिथे सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शव ज्या संगमरवरी समाधीवर ठेवलं आहे, ती फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोजिनी याची. टस्कनीच्या ड्यूकने ती पाठवली आणि १६९८ मध्ये ती गोव्यात उभी राहिली. मृत देहाला मध्यभागी ठेवून त्याच्याभोवती एवढी भव्यता उभारायची, हे अस्सल बरोक.

या कलेत एवढं रक्त का? एक कारण धर्माचं. प्रोटेस्टंट पंथाने चित्रं-मूर्तींवर आक्षेप घेतले, तेव्हा कॅथलिक चर्चने १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत चित्रांची बाजू उचलून धरली. चित्राने साध्या माणसाला हलवलं पाहिजे, हुतात्म्याचं दुःख त्याला आपलं वाटलं पाहिजे, असा आग्रह वाढला. दुसरं कारण रोजच्या जगण्याचं. १६१८ ते १६४८ अशी तीस वर्षं मध्य युरोप युद्धात होरपळत होता. प्लेगच्या साथी यायच्या. फाशी, शिरच्छेद भर चौकात व्हायचे. चित्रकाराला कल्पना लढवायची फारशी गरज नव्हती.

हातभर अंतर

पहिलं नाव काराव्हाज्जो. १५७१ चा जन्म, १६१० मध्ये मृत्यू, म्हणजे चाळिशीही गाठली नाही. १६०० च्या आसपास त्याने ‘ज्यूडिथ आणि होलोफर्निस’ रंगवलं. आज ते रोमच्या बार्बेरिनी पॅलेसमध्ये आहे. गोष्ट अशी: शत्रूने शहराला वेढा घातलाय. ज्यूडिथ नावाची विधवा त्या सेनापतीच्या छावणीत जाते, तो दारूच्या नशेत झोपल्यावर त्याचीच तलवार उचलून त्याचं डोकं उडवते आणि शहर वाचवते. शत्रूच्या सरदाराला शामियान्यात गाठण्याची गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

याआधी हे चित्र काढताना चित्रकार बहुतेक वेळा काम आटोपल्यानंतरचा क्षण घ्यायचे. हातात डोकं घेतलेली विजयी ज्यूडिथ. काराव्हाज्जोने अर्ध्यावर थांबलेला क्षण घेतला. तलवार मानेत आहे, माणूस अजून जिवंत आहे, त्याला कळतंय. मागे काळोख, आणि एका बाजूने येणारा कडक उजेड. कुणीतरी अचानक विजेरी पाडावी तसा.

वीसेक वर्षांनी लहान असलेल्या आर्तेमिसिया जेंतिलेस्कीने तीच गोष्ट दोनदा रंगवली. एक चित्र नेपल्समध्ये आहे, दुसरं, साधारण १६२० चं, फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात. काराव्हाज्जोची ज्यूडिथ जरा मागे सरून, नाक मुरडल्यासारखी उभी आहे. आर्तेमिसियाची ज्यूडिथ बाह्या वर सारून कामाला लागली आहे. तिची दासी त्या माणसाला पूर्ण ताकदीने पलंगावर दाबून धरते आहे, कारण तो झटापट करतोय. सैनिक म्हणून सांगतो, हे चित्र काढणाऱ्या बाईला वजन आणि पकड यांची जाण होती. आपल्याकडे घराघरात महिषासुरमर्दिनीची तसबीर असते, पण तिथे देवीचा चेहरा शांत असतो, तिला कष्ट पडत नाहीत. इथे कष्ट दिसतात.

आर्तेमिसियावर एका चित्रकाराने बलात्कार केला होता. १६१२ मध्ये रोममध्ये खटला चालला. तिची साक्ष खरी आहे का हे तपासण्यासाठी तिच्याच बोटांना दोऱ्या आवळल्या गेल्या. म्हणून हे चित्र म्हणजे तिचा सूड, असं सगळीकडे सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. सूड कुणीही रंगवेल. तिने श्रम रंगवले, आणि त्यासाठी हात पक्का लागतो.

माल्टामधली खोली

१६०६ मध्ये काराव्हाज्जोच्या हातून रोममध्ये एका भांडणात माणूस मारला गेला. तो पळाला, नेपल्समार्गे माल्टाला पोहोचला. तिथे लढवय्या धर्मयोद्ध्यांचा संघ होता, ‘नाइट्स’चा. त्याने १६०८ मध्ये त्यांच्यासाठी ‘सेंट जॉनचा शिरच्छेद’ रंगवलं. साडेतीन मीटरांहून उंच, पाच मीटरांहून रुंद. ते आजही वालेत्ता शहरात, ज्या खोलीसाठी काढलं त्याच खोलीत आहे. त्या खोलीत संघात नव्याने दाखल झालेल्या तरुणांची जडणघडण व्हायची. आपल्या भाषेत सांगायचं तर कॅडेट लोकांसमोर हे चित्र टांगलेलं होतं.

तुरुंगाचं अंगण. संत जमिनीवर पालथे पडलेत. तलवारीचा घाव बसला आहे, पण काम पुरं झालेलं नाही. तलवार बाजूला पडली आहे, आणि मारेकरी पाठीमागे हात नेऊन कमरेची सुरी काढतोय. एक मुलगी डोकं ठेवायला तबक घेऊन वाकली आहे. तुरुंगाधिकारी बोटाने तबक दाखवतोय: इथे ठेव. एका म्हातारीने दोन्ही हातांनी आपलं डोकं धरलंय. उजवीकडे गजांच्या खिडकीतून दोन कैदी माना उंचावून बघताहेत. चित्राचा जवळजवळ अर्धा भाग नुसती रिकामी भिंत आहे. आणि संतांच्या मानेतून वाहिलेल्या रक्तात चित्रकाराने आपलं नाव लिहिलंय. त्याने सही केलेलं हे एकच चित्र. काही महिन्यांतच त्याला संघातून काढून टाकलं, आणि तो सोहळा याच खोलीत, याच चित्रासमोर झाला. तो स्वतः तोपर्यंत पळून गेला होता.

हे चित्र मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा माझं लक्ष त्या सुरीवर अडकलं. का, ते सांगतो.

एका उंचावरच्या पोस्टवर माझ्या हाताखालचा एक जवान गोळ्याचे तुकडे लागून गेला. रात्र होती, हवामान वाईट होतं, हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हतं. तो पहाटेपर्यंत होता. नंतर मी त्याच्या सामानाची यादी केली. तशी पद्धत असते. घड्याळ एक, कंगवा एक, पत्रं सात, मफलर एक, विणलेला. काही दिवसांनी त्याच्या गावी गेलो. दुष्काळी भागातलं शेतकरी घर. वडिलांनी पाणी दिलं, समोर बसले आणि विचारलं, ‘साहेब, कसा गेला?’

मी म्हणालो, ‘लगेच गेला, काका. त्रास झाला नाही.’

त्यांनी मान हलवली. त्यांनी ते खरं मानलं की माझ्यावर दया केली, हे मला आजही ठाऊक नाही. त्या माणसाशी मी खोटं बोललो याचा मला पस्तावा नाही. दुसऱ्या कुणी अधिकाऱ्याने वेगळं काही सांगितलं असतं असं मला वाटत नाही. पण पुढे ते वाक्य मी स्वतःलाही सांगायला लागलो. कुठल्याही बातमीवर, कुठल्याही यादीवर. लगेच गेले. आणि मग मला त्या रात्रीतलं थोडंथोडं आठवेनासं झालं. वालेत्तामधलं चित्र नेमकं त्याच्या उलट बोलतं. लगेच काही होत नाही, असं ते सांगतं. सुरी अजून काढायची आहे.

कालोचे अठरा कागद

दुसरं अंतर लांबचं. फ्रान्सच्या सीमेवरच्या लोरेन प्रांतातला जाक कालो हा तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापचित्रं काढायचा. १६३३ मध्ये त्याने युद्धाच्या हालअपेष्टांवर अठरा चित्रांची मालिका प्रसिद्ध केली. त्याच वर्षी फ्रेंच सैन्याने त्याचं नान्सी शहर घेतलं. चित्रं लहान आहेत, उंची हाताच्या पंजाच्या निम्म्याहून कमी. पाहायला भिंग घ्यावं लागतं.

युद्धावरचं याहून नेमकं काम मला माहीत नाही, कारण कालोने युद्धाचा पूर्ण फेरा दाखवला. आधी सैन्यभरती. मग लढाई. मग पगार आणि रसद न मिळालेले सैनिक शेतकऱ्याचं घर लुटतात, मठ जाळतात, गाव पेटवतात, वाटसरूंची गाडी अडवतात. मग त्यांची धरपकड आणि शिक्षा: फाशी, गोळ्या, चाकावर हाडं मोडणं. मग इस्पितळात लंगडे, पांगळे. मग रस्त्याच्या कडेला मरणारे सैनिक. मग शेतकरी उरलेल्या सैनिकांना गाठून सूड घेतात. शेवटच्या चित्रात राजा सिंहासनावर बसून बक्षिसं वाटतो.

सगळ्यात प्रसिद्ध अकरावं चित्र. मोठ्या झाडाला वीसेक माणसं टांगलेली. शिडीवर पाद्री. सैन्य शिस्तीत रांगा लावून उभं. आणि झाडाखाली दोघं जण ढोल पालथा करून त्यावर फासे टाकतायत. लोकांना वाटतं की टांगलेले निरपराध आहेत. पण हे लुटारू ठरलेले सैनिक आहेत, आणि टांगणारंही सैन्यच आहे. काराव्हाज्जोकडे एक माणूस मरतो. कालोकडे व्यवस्था चालते. सिच्युएशन रिपोर्टमध्ये मी जे आकडे लिहायचो, ते इथे झाडाला लटकलेले दिसले.

आजचे लोक काय करतात?

२०१८ मध्ये चित्रकार ल्यूक टॉयमन्स यांनी बेल्जियमच्या अँटवर्पमध्ये एक प्रदर्शन मांडलं, पुढे ते मिलानला गेलं. नाव ‘सँग्विन’. रक्ताशी नातं सांगणारा शब्द. त्यात बरोक काळातली चित्रं आणि आजचं काम शेजारी शेजारी ठेवलं होतं. त्यातली दोन कामं सांगतो.

पहिलं अमेरिकन कलावंत एडवर्ड किनहोल्झ यांचं ‘फाइव्ह कार स्टड’. १९६९ ते ७२ या काळात केलेलं. अंधाऱ्या जागेत मातीवर खऱ्या गाड्या गोलाकार लावल्यात, त्यांचे हेडलाइट मध्यभागी रोखलेत. त्या उजेडात मुखवटे घातलेल्या गोऱ्या माणसांचं टोळकं एका कृष्णवर्णीय माणसाला जमिनीवर दाबून त्याचं लिंग कापतंय. पुतळे माणसाच्या उंचीचे आहेत. एका गाडीत एक लहान मुलगा बसून पाहतोय. आणि प्रेक्षक म्हणून तुम्ही दोरीपलीकडे नसता, त्या मातीवरून चालत वर्तुळात शिरता. काराव्हाज्जोचा एका बाजूचा उजेड इथे गाडीचा दिवा झाला, आणि दिवा लावणारा कोण हेही कळलं. १९७२ मध्ये जर्मनीत कासेलला दाखवल्यावर हे काम जवळजवळ चाळीस वर्षं जपानमध्ये गोदामात पडून होतं. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात ते लोकांसमोर आलं ते २०११ मध्ये.

दुसरं काम बर्लिंडे द ब्राउकेरे यांचं. बेल्जियमच्या गेंट शहरातल्या, वडील खाटीक. पहिल्या महायुद्धात ईप्र शहराभोवती भीषण लढाया झाल्या. आपल्या हिंदी फौजाही तिथे लढल्या, तिथल्या मेनिन गेटवर त्या जवानांची नावं कोरलेली आहेत. तिथल्या युद्धसंग्रहालयाने बाईंना काम करायला बोलावलं. जुने फोटो चाळताना त्यांना रस्त्यांवर पडलेले मेलेले घोडे दिसले, आणि २००० मध्ये त्यांनी खऱ्या कातड्याचे, कोसळलेले घोडे उभे केले. डोळे नाहीत, चेहरा पुसलेला. तोफखान्याच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. तोफा एके काळी घोडे आणि खेचरंच ओढायची, आणि मेलेल्या जनावराला पदक नसतं.

पुढे २०१५ मध्ये त्यांनी एक शिंगरू केलं, पाय बांधलेलं, टेबलावर ठेवलेलं. नावच दिलं ‘झुर्बारानला’. झुर्बारान हा सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात त्याचं एक छोटं चित्र आहे: पाय बांधलेलं कोकरू, मागे काळोख, बाकी काही नाही. रक्ताचा थेंब नाही. लोकर इतकी खरी की हात लावावासा वाटतो. कोकरू ख्रिस्ताचं प्रतीक आहे, पण आधी ते कोकरू आहे. ब्राउकेरेंनी प्रतीक बाजूला ठेवलं आणि जनावर राहू दिलं.

सगळेच हे साधतात असं नाही. अमेरिकेच्या केहिंदे वाइली यांनी २०१२ मध्ये ज्यूडिथ नव्याने रंगवली. ज्यूडिथ कृष्णवर्णीय स्त्री, हातात गोऱ्या बाईचं डोकं, मागे फुलांची नक्षी. विचार धारदार आहे. पण मला ते चित्र पुन्हा लांब घेऊन जातं. त्यात घोषणा आहे, झटापट नाही.

मेक्सिकोच्या तेरेसा मार्गोयेस तर देहच काढून टाकतात. त्यांनी न्यायवैद्यकाचं शिक्षण घेतलंय, शवागारात काम केलंय. अमली पदार्थांच्या टोळीयुद्धात त्यांच्या देशात हजारो माणसं मारली जात होती. २००९ च्या व्हेनिस बिएनालेत त्यांनी एका जुन्या, राजेशाही वाड्याच्या रिकाम्या खोल्या घेतल्या. दाखवायला जवळजवळ काही नाही. रोज एक माणूस येऊन फरशी पुसायचा. त्या पाण्यात खून झालेल्या जागांवरून आणलेलं रक्त मिसळलेलं होतं. पुसणाऱ्यांत मारल्या गेलेल्यांचे नातेवाईक होते. हे काम कुठल्याही बरोक चित्राची नक्कल नाही. तिथे सगळं दाखवायचे, इथे सगळं लपलेलं. पण अंतर तेवढंच कमी: तुमच्या बुटाच्या तळव्याएवढं. ‘कंगवा एक, पत्रं सात’ लिहिणाऱ्या माणसाला ही रिकामी खोली समजते.

आणि कपूर? २०१५-१६ च्या हिवाळ्यात अॅमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियमने त्यांची तीन मोठी भित्तिशिल्पं रेम्ब्रांच्या चित्रांसोबत लावली. सिलिकोन आणि रंगाचे लाल-पांढरे थर, सोललेल्या मांसासारखे. रेम्ब्रांनेही १६५५ मध्ये सोलून टांगलेला बैल रंगवला होता, तो आता पॅरिसच्या लूव्ह्रमध्ये आहे. अॅमस्टरडॅमचे फोटो पाहिले तेव्हा मला वांद्र्याची ती भिंत आठवली. या वेळी समोर तोफ नव्हती. फक्त भिंत होती.

एक रास्त शंका

हे सगळं पाहणं म्हणजे दुसऱ्याच्या मरणाचा तमाशा नाही का? शंका खरी आहे. काराव्हाज्जोची ज्यूडिथ एका बँकरच्या घरी होती, आणि मार्गोयेस यांच्यावरही आक्षेप घेतले गेले. माझं उत्तर एवढंच: चांगल्या कामात पाहणाराही चित्रात असतो. गजांमागचे दोन कैदी. झाडाखाली फासे टाकणारे दोघं. गाडीतला मुलगा. मेणाचा बार पाहून हसणारे आपण. या चित्रांत आधी रक्त शोधू नका, बघणारे शोधा. त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे ते बघा, आणि त्यांच्यात आपली जागा कुठली ते बघा.

हे आज निकडीचं आहे. कारण ज्या फोनवर तुम्ही माझं बोलणं ऐकता किंवा हे पुस्तक वाचता, त्याच फोनवर रोज कुणाच्या तरी मरणाचा तुकडा येतो. जमावाने मारलेला कुणी, बॉम्बखाली गेलेलं घर. दिसायला ते काराव्हाज्जोपेक्षाही जवळ असतं, पण असतं तोफखान्याच्या अंतरावर. अंगठा वर सरकवला की धूर-धूळ, पुढची दुरुस्ती, पुढचा बार. तिथे चार-पाच सेकंद. काराव्हाज्जोने माल्टामध्ये त्या एका क्षणासाठी महिने दिले असतील, आणि तो पाहणाऱ्याकडूनही वेळ मागतो.

माझी मुलगी आता बंगळुरूला असते. मागच्या दिवाळीत ती आली तेव्हा मी तिला त्या पहाटेबद्दल सांगितलं. पहिल्यांदाच, पूर्ण. किती वाजता काय झालं, तो काय बोलला, कुणाला हाक मारत होता. सांगायला बराच वेळ लागला, कारण त्याला जायलाही बराच वेळ लागला होता. ती मध्ये काही बोलली नाही.

आज इथेच थांबतो. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.